एक लाख फाइल्स एकदम डिलीट करताना कमांड का अडते? ‘एक्सआर्ग्ज’ नेमकं काय करतं?

लिनक्स सर्व्हरवरच्या एका फोल्डरमध्ये १ लाख जुन्या लॉग फाइल्स साठल्या आहेत. त्या काढायला ‘आरएम’ कमांडपुढे * टाकलं, तर बहुतेकदा ‘आर्ग्युमेंट लिस्ट टू लाँग’ असा एरर येतो आणि एकही फाइल डिलीट होत नाही. असं का होतं?

अडचण कुठे आहे?

* हे चिन्ह ‘आरएम’पर्यंत पोहोचतच नाही. शेल आधी त्याच्या जागी सगळ्या फाइल्सची नावं भरतो. या यादीच्या आकाराला कर्नलची मर्यादा असते. लिनक्समध्ये ती पूर्वी १२८ केबी होती. २००७ मध्ये आलेल्या २.६.२३ या आवृत्तीपासून ती वाढली. आता ती साधारणपणे २ एमबी असते.

मग एकेक फाइल घेतली तर?

काम होतं, पण रखडतं. लूप लावला किंवा ‘फाइंड’च्या ‘एक्झेक’ पर्यायाच्या शेवटी अर्धविराम दिला, की ‘आरएम’ १ लाख वेळा सुरू आणि बंद होतो. बराचसा वेळ त्यातच जातो.

उपाय काय?

नावांचे गठ्ठे करायचे. अर्धविरामाऐवजी + दिलं, की ‘फाइंड’ एका वेळी मावतील तेवढी नावं कमांडला देतं. ‘एक्सआर्ग्ज’ही हेच करतं. एका नावाला ३० बाइट्स आणि एका गठ्ठ्याला १२८ केबी धरले, तर १ लाख फाइल्ससाठी ‘आरएम’ पंचवीसएक वेळाच सुरू होतो.

फोटो लहान करण्यासारख्या जड कामांत ‘एक्सआर्ग्ज’चा -पी पर्याय अनेक गठ्ठे एकाच वेळी चालवतो.

धोका कोणता?

‘एक्सआर्ग्ज’ मोकळ्या जागेवर नाव तोडतं. ‘घर भाडे’ या फाइलची त्याच्या लेखी ‘घर’ आणि ‘भाडे’ अशी दोन नावं होतात. ‘घर’ नावाची वेगळी फाइल तिथे असेल, तर तीच उडते. ‘आरएम’ने काढलेली फाइल कचरापेटीत जात नाही, त्यामुळे ती परत मिळणं कठीण असतं.

म्हणून ‘फाइंड’ला -प्रिंट० आणि ‘एक्सआर्ग्ज’ला -० हे पर्याय एकत्र द्यावेत. मग नावं शून्य बाइटने वेगळी होतात. हा बाइट फाइलच्या नावात येऊच शकत नाही. २०२४ च्या पॉझिक्स मानकात हे दोन्ही पर्याय आहेत.

शिवाय ‘आरएम’च्या जागी आधी ‘इको’ लिहून यादी तपासावी. डिलीटची कमांड त्यानंतरच चालवावी.