तणनाशकातला साबण

मृगाचा पाऊस पडला की आमच्या बुलडाणा जिल्ह्यात, चिखलीकडच्या शेतांत, धुऱ्याकडेच्या डबक्यांतून बेडकांची शेपटीवाली पिल्लं वळवळायची. आम्ही पोरं ती ओंजळीत धरायचो. बेडूक पिकावरच्या किडी खातो, म्हणून १९८७ मध्ये देशाने बेडकांच्या तंगड्यांची निर्यातही थांबवली. पुढे निंदणाला मजूर मिळेनात. धुऱ्यावर मारायला मीही ग्लायफोसेटचा डबा आणला.

हे औषध १९७४ मध्ये अमेरिकेत ‘राउंडअप’ नावाने बाजारात आलं. ते वनस्पतीतल्या ज्या क्रियेवर घाव घालतं, ती प्राण्यांत नसतेच. मग बेडकाला कसली भीती? पण औषध पानावर पसरावं म्हणून त्यात साबणासारखं द्रव्य मिसळतात. पिल्लू कल्ल्यांनी श्वास घेतं, आणि हे द्रव्य नेमके कल्लेच बिघडवतं. ऑस्ट्रेलियात १९९०च्या दशकात हे ध्यानात आलं आणि पाण्याजवळच्या फवारणीवर बंधनं आली.

२००५ मध्ये अमेरिकेतल्या रिक रेलिया यांचा प्रयोग प्रसिद्ध झाला. पाण्याच्या टाक्यांत त्यांनी राउंडअप सोडलं. तीन आठवड्यांत ९६ ते १०० टक्के पिल्लं मेली. तळाशी माती घालूनही वाचली नाहीत. कंपनीचं म्हणणं, मात्रा जास्त धरली, शिवाय हे औषध पाण्यात मारायचं नाहीच. खरं आहे. पण डबकं धुऱ्यालाच लागून, त्याला फवाऱ्यातून कसं वगळायचं?

हल्ली डबक्यालगतचा दहा हात धुरा मी विळ्यानेच कापतो. शेजारी हसतात.