डेबियन प्रकल्प

डेबियन प्रकल्प : ‘डेबियन’ ही मुक्त परिचालन प्रणाली तयार करणारी व तिची देखभाल करणारी स्वयंसेवकांची आंतरराष्ट्रीय संघटना. स्थापना १६ ऑगस्ट १९९३. संगणकाची यंत्रसामग्री व तीवर चालणारे निरनिराळे कार्यक्रम यांची सांगड घालणाऱ्या मूलभूत आज्ञावलींच्या संचास परिचालन प्रणाली म्हणतात. अशा प्रणाली बहुधा व्यापारी कंपन्या पगारी अभियंत्यांकडून तयार करवून घेतात. डेबियन मात्र कोणत्याही कंपनीच्या मालकीची नाही व प्रकल्प आपल्या सभासदांना वेतन देत नाही. कोणावरही कामाची सक्ती करता येत नसताना लक्षावधी लोक विसंबून राहतील अशी वस्तू कशी निर्माण करावी, हा या प्रकल्पाच्या इतिहासातील मध्यवर्ती प्रश्न होय.

पार्श्वभूमी व स्थापना : रिचर्ड स्टॉलमन (१९५३– ) यांनी १९८३ मध्ये ग्नू प्रकल्पाची घोषणा केली. आज्ञावलीची मूळ संहिता वाचण्याचे, बदलण्याचे व वाटण्याचे स्वातंत्र्य प्रत्येकास असावे, हे त्यामागील तत्त्व होते. १९९१ मध्ये लिनस टॉर्व्हल्ड्‌स (१९६९– ) या फिनलंडमधील विद्यार्थ्याने लिनक्स हा परिचालन प्रणालीचा गाभा प्रसिद्ध केला. या दोहोंच्या संयोगातून पूर्ण प्रणालीचे निरनिराळे संच निघू लागले. परंतु त्यांतील काहींची देखभाल नीट होत नसे. अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठाचे विद्यार्थी इअन मर्डॉक (१९७३–२०१५) यांनी या असमाधानातून काळजीपूर्वक जुळविलेला व खुलेपणाने विकसित होणारा संच काढण्याचे ठरविले. ‘डेबियन’ हे नाव डेब्रा व इअन या दोन नावांच्या जोडणीतून बनले आहे. नोव्हेंबर १९९४ ते नोव्हेंबर १९९५ या काळात स्टॉलमन यांच्या फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनने प्रकल्पास अर्थसाहाय्य दिले.

कामाची विभागणी : प्रणालीचे लहानलहान स्वतंत्र भाग पाडून प्रत्येक भागाची जबाबदारी स्वतंत्र सभासदाने घ्यावयाची, ही पद्धत प्रारंभीच पडली. या भागांस ‘पॅकेज’ म्हणतात. दूरदूरच्या देशांतील अपरिचित माणसांनी केलेले भाग एकमेकांशी जुळावेत म्हणून सर्वांना बंधनकारक असे धोरणनियम करण्यात आले. नवे पॅकेज प्रथम ‘अस्थिर’ शाखेत येते. ठराविक काळात गंभीर दोष न आढळल्यास ते ‘चाचणी’ शाखेत जाते आणि अखेरीस ‘स्थिर’ आवृत्तीत समाविष्ट होते. जून १९९६ मधील १.१ या आवृत्तीत ४७४ पॅकेजे होती. ऑगस्ट २०२५ मधील तेराव्या आवृत्तीत ती सु. ७०,००० झाली.

सामाजिक करार व घटना : जुलै १९९७ मध्ये प्रकल्पाने ‘सामाजिक करार’ स्वीकारला. डेबियन सदैव मुक्त राहील, दोष लपविले जाणार नाहीत आणि वापरणारे व मुक्त सॉफ्टवेअर यांच्या हितास अग्रक्रम मिळेल, अशी अभिवचने त्यात आहेत. त्यासोबतच्या मार्गदर्शक तत्त्वांच्या आधारे १९९८ मध्ये ‘ओपन सोर्स’ या संज्ञेची व्याख्या करण्यात आली. डिसेंबर १९९८ मध्ये प्रकल्पाने लिखित घटना मान्य केली. कोणाही सभासदावर काम करण्याचे बंधन नाही. मात्र घटनेनुसार झालेल्या निर्णयांविरुद्ध त्याने सक्रियपणे वागू नये, असे तीत म्हटले आहे. प्रकल्पप्रमुखाची निवडणूक दरवर्षी होते. मतदार उमेदवारांना पसंतिक्रम देतात आणि ‘वरीलपैकी कोणीही नाही’ हाही पर्याय मतपत्रिकेवर असतो. तांत्रिक वाद तांत्रिक समितीकडे जातात. सभासदांचा सर्वसाधारण ठराव मात्र प्रमुखाचा निर्णयही फिरवू शकतो. सभासदत्वासाठी ओळखीची खातरजमा, तत्त्वांचे ज्ञान व प्रत्यक्ष कौशल्य यांची कसोटी घेतली जाते.

कसोटीचे प्रसंग : ३.० (जुलै २००२) व ३.१ (जून २००५) या आवृत्त्यांमध्ये जवळजवळ तीन वर्षांचे अंतर पडले. विलंब टाळण्यासाठी २००६ मध्ये बाहेरून निधी जमवून आवृत्तीच्या दोन व्यवस्थापकांना मोबदला देण्याचा प्रयोग झाला. विनामूल्य राबणाऱ्या शेकडो जणांमधून दोघांनाच पैसे का, असा प्रश्न उभा राहिला. काहींनी आपले काम कमी करीत असल्याचे जाहीर केले, तर प्रमुखास पदावरून दूर करण्याचा ठरावही मांडला गेला. तो फेटाळला गेला. डिसेंबर २००६ मध्ये अपेक्षित असलेली आवृत्ती एप्रिल २००७ मध्ये निघाली.

याहून गंभीर प्रसंग मे २००८ मधील होय. ओपनएसएसएल या सुरक्षाविषयक पॅकेजात २००६ मध्ये डेबियनमध्ये केलेल्या एका बदलामुळे गुप्त किल्ल्या बनविताना लागणारी यादृच्छिकता जवळजवळ नष्ट झाली होती. प्रत्येक प्रकाराच्या व लांबीच्या केवळ सु. ३२,००० किल्ल्या संभवत असल्याने त्या शोधून काढणे सोपे झाले. संहिता खुली असूनही हा दोष सु. दीड वर्ष कोणाच्या ध्यानात आला नव्हता. संहिता सर्वांना पाहता येते म्हणजे ती कोणीतरी पाहिलेली असतेच असे नाही, हा धडा त्यातून मिळाला. प्रकल्पाने दोष जाहीरपणे मान्य केला आणि कमकुवत किल्ल्या ओळखण्याची साधने पुरविली.

संगणक सुरू होताना चालणाऱ्या ‘सिस्टमडी’ या आज्ञावलीवरून २०१४ मध्ये तांत्रिक समितीत समसमान मते पडून अध्यक्षाच्या निर्णायक मताने ती स्वीकारली गेली. असंतुष्टांनी ‘डेव्हुआन’ हा स्वतंत्र प्रकल्प काढला. संहिता मुक्त असल्याने फुटून निघण्याचा हा मार्ग अल्पमतास नेहमीच मोकळा असतो.

प्रसार : २००४ मध्ये निघालेली उबुंटू ही प्रणाली डेबियनवर आधारलेली आहे. सभासदांची परिषद २००० मध्ये फ्रान्समधील बॉर्दो येथे प्रथम भरली. २०२३ मध्ये ती कोची (केरळ) येथे झाली. फेब्रुवारी २००९ च्या पाचव्या आवृत्तीपासून डेबियनची स्थापना मराठीतूनही करता येऊ लागली. त्या वेळी अशा भाषांची संख्या ६३ होती. ज्या भाषेच्या बाजारपेठेत व्यापारी कंपनीस पुरेसा लाभ दिसत नाही, तिलाही तिच्या भाषकांच्या श्रमाने संगणकावर स्थान मिळू शकते. मात्र हे स्थान टिकविण्यासाठी प्रत्येक नव्या आवृत्तीबरोबर भाषांतराचे काम पुन्हा कोणीतरी स्वेच्छेने अंगावर घ्यावे लागते.