भूकंप आणि देशपीडा : संपन्न व दरिद्री राष्ट्रांचा तुलनात्मक विचार

१. वराहमिहिरानें बृहत्संहितेच्या बत्तिसाव्या अध्यायांत भूकंपाविषयीं पूर्वाचार्यांचीं मतें दिलीं आहेत. कोणी समुद्रांतील प्रचंड प्राण्यांची हालचाल, कोणी थकलेल्या दिग्गजांचा निःश्वास, कोणी परस्परांवर आदळणारा वायु, तर कोणी लोकांचें अदृष्ट हें कारण मानीत. पुढें वायु, अग्नि, इंद्र व वरुण अशीं चार मंडलें कल्पून, कोणत्या मंडलाच्या कंपानें कोणते देश व कोणत्या वृत्तीचे लोक पीडले जातात, हेंहि त्यानें सांगितलें आहे. ही कारणमीमांसा आज टिकत नाहीं. परंतु भूकंप सर्वांस सारखा बाधत नाहीं, ही जी समजूत तिच्या मुळाशीं आहे, ती टाकाऊ नव्हे. मात्र तिची उपपत्ति नक्षत्रांत न शोधतां भिंतींत शोधली पाहिजे, असें प्रस्तुत लेखकास वाटतें.

२. दिनांक ३० सप्टेंबर १९९३ रोजीं, गणेशविसर्जन आटोपून लोक झोंपले असतां, पहाटे चारच्या सुमारास लातूर व उस्मानाबाद (हल्लींचा धाराशिव) या जिल्ह्यांतील किल्लारी परिसरांत सुमारें ६.२ परिमाणाचा भूकंप झाला. त्यांत ८,००० ते १०,००० माणसें मृत्यु पावलीं. पुढें साडेतीन महिन्यांनीं, १७ जानेवारी १९९४ रोजीं, लॉस एंजेलिसजवळ नॉर्थरिज येथें साडेचारच्या सुमारास ६.७ परिमाणाचा कंप झाला. वेळ तीच, लोक निद्रिस्त तसेच, वस्ती फार दाट आणि कंपाची शक्ति पांचपटींहून अधिक. तथापि मृतांची संख्या सुमारें ६० भरली.

३. या तफावतीचें कारण घरांच्या बांधणींत आहे. किल्लारीकडील माळवदी घरांच्या भिंती रुंद, दोन्ही अंगांस दगड व पोटांत चिपा आणि माती अशा. दोन अंगें सांधणारा आरपार दगड बहुधा नसे. वर लांकडी तुळयांवर मातीचा जाड थर. उन्हाळ्यांत हें घर गार राहतें. परंतु धक्का बसतांच भिंतीचीं दोन अंगें फांकतात आणि सर्व भार निजलेल्या माणसांवर येतो. नॉर्थरिजकडील बहुतेक घरें हलक्या लांकडी सांगाड्याचीं होतीं. येथें एक गोष्ट विशेष ध्यानांत घेण्यासारखी आहे. किल्लारी भागांतच ज्यांस दगडी घर परवडलें नव्हतें, त्यांच्या गवती छपराच्या झोंपड्या पुष्कळ अंशीं वांचल्या. म्हणजे केवळ गृहस्थाच्या पदरीं द्रव्य असणें हें संरक्षण नव्हे. त्या द्रव्यास बांधणीच्या ज्ञानाची व कायद्याची जोड लागते, आणि ती जोड राष्ट्रानें द्यावयाची असते. किल्लारीचा प्रदेश त्या वेळच्या नकाशांत सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यांत दाखविलेला होता. तेव्हां तेथील गवंड्यास इशारा तरी कोण देणार?

४. हाच सिद्धान्त २०१० सालीं अधिक स्पष्ट झाला. १२ जानेवारीस हैतींत ७.० परिमाणाचा, तर २७ फेब्रुवारीस चिलींत ८.८ परिमाणाचा भूकंप झाला. चिलीचा कंप शक्तीनें सुमारें ५०० पट. तेथें समुद्राच्या लाटांनीं मेलेले धरूनहि सुमारें ५२५ माणसें दगावलीं. हैतीचा सरकारी आंकडा तीन लाखांवर जातो. इतर अंदाज याहून बरेच कमी आहेत. दरिद्री देशांत मृतांची नीट गणतीहि होत नाहीं, हें इतिहासाभ्यासकानें नमूद करून ठेवावें. चिली कांहीं कुबेराचा देश नव्हे. १९३९ च्या भूकंपांत तेथेंहि हजारों लोक मेले होते. पण अशा आघातांनंतर त्यानें बांधकामाचे नियम कडक करीत नेले व घराच्या मुख्य बांधणींतील दोषाबद्दल दहा वर्षांची जबाबदारी ठरविली. हैतींत तसा राष्ट्रीय नियम अंमलांत नव्हता.

५. द्रव्यहानीचा हिशेब मात्र उलट दिसतो. नॉर्थरिजची हानि २,००० कोटी डॉलरांहून अधिक व चिलीची सुमारें ३,००० कोटी. हैतीची केवळ ७८० कोटी. परंतु चिलीची हानि वार्षिक राष्ट्रीय उत्पन्नाच्या पंचमांशाहून कमी होती, हैतीची त्या देशाच्या संबंध वर्षाच्या उत्पन्नाहून अधिक. संपन्नाचें धन जातें, दरिद्र्याचें सर्वस्व.

६. संपन्नतेसहि हें ज्ञान मोल देऊनच मिळालें आहे. मॅक्समुल्लरचा ग्रंथसंग्रह जपानांत नेऊन टोकियोच्या विद्यापीठास अर्पण केलेला होता. १९२३ च्या भूकंपानंतरच्या आगींत तो भस्मसात् झाला. पुढल्याच वर्षीं जपाननें इमारतींच्या कायद्यांत भूकंपाच्या बलाचा हिशेब घातला. कॅलिफोर्नियांत १९३३ सालीं लाँग बीचच्या भूकंपानें अनेक शाळा कोसळल्या. वेळ सायंकाळची म्हणून मुलें बचावलीं, आणि महिन्याभरांत शालेय इमारतींचा कायदा झाला. आयुष्य शाळेंत घालविलेल्या मनुष्यास ही तत्परता हेवा करण्यासारखी वाटते.

७. आपल्या संग्राहकांचीं दप्तरें व पोथ्या अद्यापि पुष्कळदां दगडमातीच्या वाड्यांतच आहेत. त्यांच्या छायाप्रति करून दूरच्या गांवीं ठेवणें, हें काम फार खर्चाचें नाहीं. तसेंच जुन्या शकावलींत वा पत्रांत धरणीकंपाची नोंद आढळल्यास, केवळ मिति उतरून न थांबतां, काय पडलें, काय उभें राहिलें व तें कशानें बांधलेलें होतें, हेंहि टिपून घ्यावें, अशी वाचकांस विनंति आहे.