कापसाचा धागा, जगाचा इतिहास आणि वऱ्हाड

मानवी इतिहासातील मोठी वळणे सांगताना ग्रंथकार शेतीचा शोध, लिपी, छपाई व वाफेचे यंत्र यांची नावे घेतात. ही सर्व स्थित्यंतरे दूरदेशी घडली, परतवाड्यासारख्या गावाशी त्यांचा संबंध तो काय, असा समज सहज होतो. परंतु कापसाचा माग धरून पाहिले असता त्यांचे पडसाद वऱ्हाडच्या काळ्या मातीत स्पष्ट उमटलेले दिसतात.

कापूस हा या देशाचा फार जुना सोबती होय. मोहेंजोदडो येथे चांदीच्या भांड्याला चिकटलेले सुती कापडाचे अंश मिळाले, ते सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वीचे आहेत. त्यानंतर राज्ये आली आणि गेली. १२९६ मध्ये अलाउद्दीन खिलजी एलिचपुरावरून देवगिरीवर चालून गेला. पुढे इमादशाहीने याच एलिचपुरास, म्हणजे आजच्या अचलपुरास, राजधानी केली. पण सूत कातणारी बोटे आणि विणणारे हात मात्र माणसाचेच राहिले.

ही स्थिती पालटली ती अठराव्या शतकात, इंग्लंडमध्ये. १७६९ या एकाच वर्षी आर्कराइटच्या कताईयंत्राला आणि जेम्स वॅटच्या सुधारित वाफयंत्राला पेटंट मिळाले. लँकेशायरच्या गिरण्यांची कापसाची भूक पुढे अमेरिकेच्या दक्षिण भागातील गुलामांच्या श्रमांवर भागू लागली. कापडाच्या व्यवहारात असणाऱ्याने हे विसरू नये.

इकडे १८०३ साली आर्थर वेलस्लीने २९ नोव्हेंबरला अडगाव येथे नागपूरकर भोसल्यांचा पराभव केला, १५ डिसेंबरला गाविलगड घेतला आणि दोनच दिवसांत देवगावचा तह झाला. वर्धेच्या पश्चिमेचा वऱ्हाड भोसल्यांकडून निजामाकडे गेला. बारा वर्षांनी वॉटर्लू येथे नेपोलियनला हरविणारा सेनापती तो हाच! निजामाच्या खर्चाने पोसलेल्या कंटिंजंट फौजेची एक छावणी परतवाड्यास होती. याच फौजेच्या थकलेल्या खर्चापायी १८५३ मध्ये वऱ्हाडचा कारभार कंपनीच्या हाती आला.

मग १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. लिंकनच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे रोखली, लँकेशायरच्या गिरण्या ओस पडल्या आणि हिंदुस्थानच्या कापसाला कधी न मिळालेला भाव आला. गुलामगिरी राहावी की जावी, या प्रश्नावर हजारो कोस दूर चाललेल्या लढाईने वऱ्हाडच्या शेतकऱ्याचे पीक ठरविले. ज्वारीच्या शेतात कपाशी उभी राहिली. १८६५ मध्ये युद्ध संपले, भाव कोसळले. परंतु कपाशी हटली नाही. शेतसारा रोख भरावयाचा होता आणि रोकड कापसातच होती. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरपर्यंत पोहोचली, १८७० मध्ये लॉर्ड मेयोने खामगावचा फाटा सुरू केला. ज्या गाडीने कापूस गेला, त्याच गाडीने विलायती कापड आले आणि गावोगावचे साळी-कोष्टी हवालदिल झाले.

अनेक व्यापारी पेढ्यांची भरभराट याच काळातली आहे. पेरणीसाठी दिलेल्या कर्जाच्या वह्यांत पुढे कुळांच्या जमिनीही चढल्या, हे सुवर्णमहोत्सवाच्या आनंदातही नोंदविले पाहिजे. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांत हा सुपीक मुलूख अन्नाला मोताद झाला. गाठी होत्या, धान्य नव्हते.

मुर्तिजापूर-अचलपूर ही अरुंद रुळांची गाडी १९१३ मध्ये आली, तीही मुख्यतः कापसासाठी. लोकांनी प्रेमाने तिला ‘शकुंतला’ म्हटले. तिला ओढणारे वाफेचे इंजिन मँचेस्टरलाच घडविलेले होते. ते १९९४ पर्यंत धावले. आता ती गाडी बंद आहे. कापसाच्या गाठी ट्रकने जातात, आणि भाव ठरविताना आजही न्यूयॉर्कच्या वायदेबाजाराकडे पाहिले जाते.