आयर्लंडचे स्वयंपाकघर, मराठी दिवाणखाना आणि एक व्हायोलिन

१. विसाव्या शतकाच्या आरंभी आयर्लंडच्या खेड्यांत संध्याकाळी शेजारीपाजारी कुणाच्या तरी स्वयंपाकघरात जमत. सामान भिंतीकडे सरकवले जाई आणि कोपऱ्यातला वादक व्हायोलिनवर नाचाच्या चाली छेडू लागे. तिकडे या वाद्याला ‘फिडल’ म्हणतात. वाद्य मात्र तेच. हेच वाद्य पुढे मराठी दिवाणखान्यातील बैठकीतही वाजले आणि तेथे त्याचा आवाज पार निराळा झाला. या फरकाचे एक मोठे कारण घरात दडलेले आहे.

२. आयरिश घर नाचणारे होते. पावलांना ठेका मिळावा म्हणून गजाचे फटकारे आखूड आणि ठसठशीत, सुरांची सजावट चपळ आणि चाल पुन्हा पुन्हा फिरून येणारी. लय सुटली तर नाच मोडे.

३. भारतात हे वाद्य युरोपीयांबरोबर आले. मद्रासमध्ये बालुस्वामी दीक्षितर (१७८६–१८५८) ते शिकले. त्याच काळात तंजावरच्या मराठी दरबारात दुसऱ्या सरफोजीराजे भोसले यांनी (कारकीर्द १७९८–१८३२) पाश्चात्त्य संगीताला आश्रय दिला होता. तंजावरचे वडिवेलू यांना त्रावणकोरच्या स्वाती तिरुनाळ महाराजांनी १८३४ मध्ये हस्तिदंती व्हायोलिन भेट दिले.

४. आपल्याकडे वाद्याचा सांगाडा तोच राहिला, बदलली ती बसण्याची रीत. ‘बैठक’ हा शब्दच बसण्यावरून आला आहे. वादक मांडी घालून बसतो, वाद्याचे एक टोक छातीशी टेकते आणि दुसरे उजव्या पावलावर. वाद्य दोन्हीकडे टेकल्यामुळे डावा हात ते पेलण्याच्या कामातून सुटतो आणि तारेवर लांबवर घसरू शकतो. त्यातून मींड साधते, गळ्याची नक्कल होते. तारा षड्ज-पंचमात मिळवल्या की हे वाद्य गायकाच्या शेजारी बसायला सिद्ध झाले.

५. ती जागा मात्र रिकामी नव्हती. गाण्याच्या साथीला परंपरेने सारंगी असे. पण सारंगिये कलावंतिणींच्या मैफलींतही वाजवीत, म्हणून ‘प्रतिष्ठित’ घरांनी त्या वाद्याकडे पाठ फिरवली. त्याचा मुख्य लाभ पेटीला झाला, काही अंशी व्हायोलिनलाही. गजाननबुवा जोशी (१९११–१९८७), श्रीधर पार्सेकर, व्ही. जी. जोग (१९२२–२००४), डी. के. दातार (१९३२–२०१८) यांच्या वादनाने आपण सुखावतो, तेव्हा मागे सारल्या गेलेल्या सारंगियांचेही स्मरण ठेवावे.

६. सरकारी निर्णयही घरातल्या संगीतापर्यंत पोहोचतात. आयर्लंडमध्ये १९३५ च्या कायद्याने सार्वजनिक नाचाला परवाना सक्तीचा झाला. पोलीस आणि धर्मगुरूंनी त्याच्या आधारे घरगुती नाचांवरही टाच आणली आणि फिडल स्वयंपाकघरातून सभागृहाकडे ढकलले गेले. इकडे १९४० मध्ये आकाशवाणीने पेटीवर बंदी घातली. ती सुमारे तीन दशके टिकली. त्या काळात नभोवाणीवरील साथीसाठी सारंगी आणि व्हायोलिन यांचे मोल वाढले. एका देशात कायद्याने घराचे दार बंद केले, दुसऱ्यात एका बंदीने स्टुडिओचे दार उघडले.

७. घरगुती मैफलीचे गोडवे गाताना तिचा उंबरठाही पाहावा लागतो. आमंत्रण कुणाला, हे यजमान ठरवी. जात आणि ओळख यांची चाळणी तेथे लागे. घरच्या स्त्रिया बहुधा माजघरातूनच ऐकत. म्हणूनच विष्णु दिगंबर पलुस्करांनी तिकीट लावून जाहीर मैफली करण्याची प्रथा रुजवली, तिचे महत्त्व मोठे. तिकीट विकत घेणाऱ्याला यजमानाची मर्जी लागत नाही. त्याच पलुस्करांनी उत्तरायुष्याचा काळ नाशिकच्या रामनाम आधाराश्रमात घालवला. आमच्या लासलगावाहून नाशिक सुमारे साठ किलोमीटरवर आहे.

८. जाहीर मैफलीमागे तिकिटे, जाहिराती, हिशेब उरतात. घरातील बैठकीमागे बहुतेकदा काहीच उरत नाही, म्हणून संगीताच्या इतिहासात सभागृहे ठळक दिसतात आणि दिवाणखाने पुसट. हा इतिहास आज वृद्धांच्या स्मरणात आहे. आपल्या घरी किंवा गल्लीत कधी बैठक झाली असेल, तर आजी-आजोबांना विचारा: कोण गायले, साथीला कोण होते, कोण कुठे बसले होते आणि कोणाला आत येता आले नाही? उत्तरे तारखेसह वहीत उतरवून ठेवा. शेवटचा प्रश्न मात्र गाळू नका.