कोरीव खिसापिस्तुले : एक उपेक्षित इतिहाससाधन

शस्त्रसंग्रह म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे पट्टा, कट्यार आणि वाघनखे उभी राहतात. एकोणिसाव्या शतकात युरोपात घडलेले, तळहातात मावणारे कोरीव पिस्तूल मात्र शोभेची वस्तू म्हणून बाजूस पडते. वस्तुतः त्याच्याकडे ताम्रपटाप्रमाणे वाचावयाचे साधन म्हणून पाहिले पाहिजे.

या पिस्तुलाच्या कळपेटीच्या दोन्ही अंगांस पुष्कळदा वेलबुट्टी आणि निशाणे-भाले यांचे जुडगे कोरलेले असते. त्यातच कारागिराचे व गावाचे नाव येते. नळीवर परीक्षेचे ठसे असतात. बर्मिंगहॅम येथे असे परीक्षागृह १८१३ साली स्थापन झाले. बेल्जममधील लीएज शहराचा ठसा लंबवर्तुळात असतो. काही पिस्तुलांची नळी पिळून काढून मागील बाजूने दारूगोळी भरीत, तर काहींचा चाप घोडा चढविल्यावरच बाहेर येई. फॉर्सिथ या स्कॉटिश धर्मोपदेशकाने १८०७ साली आघाताने पेटणाऱ्या दारूचा हक्क मिळविला. त्यातून पुढे टोपीची शस्त्रे आली व चकमकीची अनेक जुनी पिस्तुले टोपीसाठी बदलून घेण्यात आली. अशी डागडुजी म्हणजे काळाची नोंदच होय. फिलाडेल्फियाच्या डेरिंजरच्या नावाची तर इतकी नक्कल झाली की, ते नाव त्या जातीलाच चिकटले. १८६५ साली अब्राहम लिंकन यांचा वध त्याच्याच लहान पिस्तुलाने झाला.

पण कोरीव लेख वस्तू कोठे घडली एवढेच सांगतो. ती कोणाच्या खिशात होती, हे सांगत नाही. आणि आपल्या देशात खरा इतिहास तेथेच आहे. १८७८ च्या शस्त्र कायद्याने ब्रिटिश हिंदुस्थानातील सामान्य भारतीयास परवान्यावाचून शस्त्र बाळगणे अशक्य झाले. युरोपियनांना मात्र त्यातून सूट होती. राष्ट्रीय सभेने १८८७ च्या मद्रास अधिवेशनात या कायद्याविरुद्ध ठराव केला. तेव्हा साहेबाच्या खिशातील पिस्तूल ही हौस होती, तर तेच पिस्तूल परवान्यावाचून भारतीयाच्या घरी असणे हा गुन्हा होता. नक्षी तीच, ठसा तोच. अर्थ मात्र दोन.

आमच्या सिल्वासा परिसरात या प्रश्नास आणखी एक पदर आहे. १७७९ च्या तहान्वये मराठ्यांनी बारा हजार रुपये वसुलाचा नगर हवेलीचा मुलूख पोर्तुगिजांस देऊ केला. १७८३ साली तो त्यांच्या हाती गेला आणि २ ऑगस्ट १९५४ रोजी सिल्वासा मुक्त होईपर्यंत त्यांच्याकडे राहिला. ब्रिटिशांचा शस्त्र कायदा या सीमेपाशी थांबत असे. म्हणून लीएजचा ठसा असलेले एखादे पिस्तूल पुण्यात मिळाले, तर ते एक प्रश्न विचारते. येथे मिळाले, तर दुसराच. ते दमणच्या बंदरातून आले की मुंबईहून? अंमलदाराचे होते की व्यापाऱ्याचे? प्राप्तिस्थानाची नोंद नसेल, तर हे दोन्ही प्रश्न कायमचे बुडतात.

म्हणून संग्राहकाचे पहिले कर्तव्य खरेदी नव्हे, नोंद होय. वस्तू कोणाच्या घरून, कोणत्या साली, कोणत्या कथेसह आली हे लिहून ठेवावे. सांगितलेली कथा व सिद्ध झालेली गोष्ट निरनिराळ्या रकान्यांत मांडावी. गंज घासून चकाकी आणण्याच्या मोहात ठसे पुसू नयेत. १९५९ च्या शस्त्र कायद्याने दुरुस्त करूनही चालणार नाही अशा पुरातन शस्त्रास सूट दिली आहे. तथापि ही गोष्ट स्वतः ठरवू नये, अधिकाऱ्यास दाखवावी. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याने शंभर वर्षांवरील अशा वस्तू खाजगी व्यक्तीस परदेशी पाठविता येत नाहीत, हेही ध्यानी ठेवावे.

राजवाड्यांनी दप्तरांसाठी गावोगाव पायपीट केली, तेव्हा वाण्याच्या पुडीत जाणारे कागद इतिहासाच्या हाती लागले. आज जुने लोखंड भंगारवाल्याच्या तराजूत चढते आहे. शिक्षकाने आपल्या वर्गात एवढेच सांगावे : घरात अशी जुनी वस्तू आढळली तर तिला हात लावू नका, वडीलधाऱ्यांना सांगा, आणि ती विकण्यापूर्वी आजोबांना तिची हकीकत विचारून लिहून घ्या. पिस्तूल पुढेही टिकेल. हकीकत सांगणारा टिकणार नाही.