एकदाच भरा, 8,000 किलोमीटर जा

पंपावरच्या रांगेत उभं असताना तुमच्याही मनात येऊन गेलं असेल, की एकदाच काय ते भरावं आणि वर्षभर इकडे फिरकूच नये. 1958 साली अमेरिकेतल्या फोर्ड कंपनीने नेमकी हीच कल्पना मांडली. गाडीचं नाव न्यूक्लिऑन. मागे, डिकीच्या जागी, छोटी अणुभट्टी. एका भरणीत 5,000 मैल, म्हणजे 8,000 किलोमीटर.

हसू नका, आधी गणित करून बघा. लिटरला 15 किलोमीटर धरले तर एवढ्या प्रवासाला साधारण 530 लिटर पेट्रोल लागेल. त्यातली ऊर्जा सुमारे 17 गिगाज्यूल. आणि एक ग्रॅम युरेनियम-235 चं पूर्ण विखंडन झालं तर मिळतात जवळपास 80 गिगाज्यूल. म्हणजे पाव ग्रॅमही नको, मिठाची चिमूट पुरे!

मेख पुढे आहे. चिमूटभर युरेनियममध्ये साखळी अभिक्रिया टिकत नाही. शुद्ध युरेनियम-235 चा उघडा गोळा घेतला तर 50 किलोच्या आसपास लागतो. परावर्तक, मंदायक लावून हा आकडा खूप खाली येतो, पण मग त्यांचं वजन आलंच. वर गॅमा किरण आणि न्यूट्रॉन अडवणारं कवच. त्याच काळात अमेरिकी हवाई दल एनबी-36एच नावाच्या विमानात भट्टी घालून उडत होतं. 1955 ते 1957 मध्ये 47 उड्डाणं झाली. भट्टी विमान चालवत नव्हती, नुसती प्रवासी होती, तरी वैमानिकांच्या केबिनला शिसं आणि रबराचं दहा टनांहून जड कवच लागलं. न्यूक्लिऑन तीन-अष्टमांश आकाराच्या मॉडेलपुढे गेलीच नाही. हलकं कवच पुढे कधीतरी मिळेल, असं गृहीत धरलं होतं.

मीही हसायचो. मग पहिल्या वर्षी माझ्या सिनॉप्सिसचं सादरीकरण झालं. विषय बॅटरीचे कॅथोड. स्लाइडवर ठळक अक्षरात लिथियम आयर्न फॉस्फेटचे 170 मिलिअँपिअर-तास प्रति ग्रॅम, आणि त्यावरून गाडी किती पळेल याचा हिशोब. समितीतल्या एका मॅडमनी शांतपणे विचारलं, "बाकीचं वजन कोण वाहणार?" तांबं-अ‍ॅल्युमिनियमचे पातळ पत्रे, ग्रॅफाइट, इलेक्ट्रोलाइट, बाहेरचं आवरण, काहीच धरलं नव्हतं. रूमवर येऊन मांडलं तर आकडा साधारण तिसऱ्या हिश्शावर आला. सिनॉप्सिस पुन्हा लिहिण्यात सहा महिने गेले. माझीही न्यूक्लिऑनच होती की!

आता लुई मातार बघा. सॅन दिएगोतला गॅरेजवाला, डॉक्टरेट वगैरे काही नाही. 1952 साली त्याने 1947 ची कॅडिलॅक न थांबवता न्यूयॉर्कला नेऊन परत आणली, 6,320 मैल. त्याने इंधनात काही चमत्कार केला नाही. मागच्या ट्रेलरमध्ये आठशेहून जास्त लिटर पेट्रोल, आणि वाटेत तीनदा सोबत धावणाऱ्या टँकरमधून भरणं. डोकं लावलं ते उरलेल्या सगळ्यावर. चाक फिरत असताना हवा भरता यावी म्हणून आस आतून पोखरले. चालत्या गाडीत चाक बदलायची सोय केली. रेडिएटरला पाणी, माणसांना संडास, शॉवर, स्वयंपाकाची जागा, कपडे धुवायचं यंत्र.

आणि हो, हुक्का. तो मात्र कुठल्या गणितात बसतो, मला अजून कळलेलं नाही.